अर्धा इंच

त्या शिंप्याच्या दुकानाचा एकच नियम होता, आणि तो पाटीवर लिहिलेला नव्हता. गिऱ्हाइकाच्या अंगातला दोष बोलून दाखवायचा नाही, कापडात मुरवायचा.

मास्तर माप घेत आणि आकडे मोठ्याने सांगत. छाती चाळीस, कंबर छत्तीस, बाही चोवीस. टेबलाशी बसलेलं माणूस वहीत लिहून घेई. पण कुणाचा खांदा उतरलेला असला, कुणाच्या पाठीला पोक असलं, तर मास्तर नुसते खोकत. एक खोकला म्हणजे अर्धा इंच, दोन म्हणजे इंच. वहीत त्या मापापुढे तेवढे ठिपके पडत. मग कोटाच्या अस्तराखाली कापसाची एक पातळ गादी जाई, आणि गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघून खूश होऊन निघे. न्यायाधीशांचं पोक, बँकेच्या साहेबांचा वाकडा खांदा, प्राचार्यांची खोलगट छाती, सगळे असे खोकल्यावर सरळ होऊन शहरात ताठ मानेने हिंडत होते. अळीमिळी गुपचिळी.

वही लिहिणारी होती मास्तरांची धाकटी मुलगी. तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर ती होतीच तशी, उंच आणि सडसडीत. दुसरं म्हणजे तिच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे बोलायचं टळायचं. वयाच्या पंधराव्या वर्षापासून दुकानात. केस पोरासारखे कापलेले. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, मशीनमध्ये अडकतात. मास्तरांचे हात थरथरायला लागल्यापासून बेतणं, शिवणं, सगळं तीच करायची. मास्तरांकडे नजर, टेप आणि खोकला एवढंच उरलं होतं.

आणि एक दादा होता. तिच्याहून चार वर्षांनी मोठा. उभ्या जन्मात त्याने सुईत दोरा ओवला नव्हता, पण बोलायला लागला की समोरचा गार. दोन्ही हात आभाळाकडे नेऊन तो "बंधूंनो!" म्हणायचा आणि टाळ्या पडायच्या. त्या वाक्यात काही असो नसो. दुकानात तो फारसा फिरकतच नसे. वडिलांना दमा आहे असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांपूर्वी या दादाने तिच्या आयुष्याचा जाहीर लिलाव केला होता.

रस्त्याच्या पलीकडे चष्म्याचं दुकान होतं. तिथे डोळे तपासणारी एक मुलगी होती. तिला आपण चष्मेवाली म्हणू. टाचणीला बारीक टाके दिसेनासे झाले म्हणून ती तिथे गेली. चष्मेवाली एकेक काच बदलत विचारत राहिली, "आता स्पष्ट दिसतं? की आता?" टाचणीचा नंबर पहिल्या पाच मिनिटांत निघाला होता, तरी ती पाऊण तास बसून राहिली. पुढे वर्षभर तिच्या चष्म्याची दांडी दर आठवड्याला ढिली व्हायची. मग दोघी मागच्या बोळातल्या पायरीवर बसून डबा खायच्या. एकदा चष्मेवालीने तिचा हात धरला आणि टाचणीला पहिल्यांदा कळलं की आपल्याला हात आहे.

तिने चष्मेवालीला एक पत्र लिहिलं. द्यायचा धीर झाला नाही, म्हणून मापाच्या वहीत ठेवलं. दादाला कुणाचा तरी पत्ता हवा होता, त्याने वही उघडली. रविवारी जेवायला आत्या, दोन काका आणि सगळी चुलत भावंडं जमली होती. दादाने पानावर बसल्याबसल्या पत्र काढलं आणि वाचलं. साधं नाही, आवाज काढून.

"'तू जवळ असलीस की मला मी बाई वाटत नाही. मग काय वाटते, तेही सांगता येत नाही. नाव नसलेलं काहीतरी मी इतकी वर्षं अंगावर घालून फिरते आहे आणि ते मला कुठेतरी काचतं आहे. तुला मात्र मी नीट दिसते. हे कसं?'"

भावंडं खो खो हसली. आत्या म्हणाली, "अगो बाई! लग्न करून द्या, उतरेल सगळं." दादाने पत्राची घडी घातली आणि तिच्याकडे वाकून, जसं काही खरंच जाणून घ्यायचं होतं अशा सुरात विचारलं, "मग तू आहेस तरी काय, सांग ना?"

तिला उत्तर आलं नाही. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी आलं नाही. तिने बाबांकडे पाहिलं. ज्या माणसाने परक्या गिऱ्हाइकांची गुपितं चाळीस वर्षं पोटात ठेवली तो ताटाकडे बघत बसला होता. खोकलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दादा चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला भेटून आला. आठ दिवसांत चष्मेवालीची नोकरी गेली, पंधरा दिवसांत ती शहर सोडून गेली. जाताना दुकानासमोर थांबली होती म्हणे. टाचणीला आत कोंडून ठेवलं होतं.

तेव्हापासून टाचणीच्या पोटात दोन गोष्टी राहत होत्या: दादाचा तो प्रश्न आणि दादाचा सूड. प्रश्नाला उत्तर सापडेना, म्हणून ती सुडालाच धार लावत बसली. लोक म्हणतात, क्षमा करावी, मन हलकं होतं. म्हणणाऱ्यांची पत्रं कुणी जेवणाच्या पानावर वाचलेली नसतात.

आणि एक दिवस दादा आपल्या पायांनी चालत आला.

तो व्यापारी संघाचा अध्यक्ष झाला होता. सत्काराला चारशे माणसं येणार होती. "कोट असा शिव," तो म्हणाला, "की लोक बघतच राहिले पाहिजेत."

"बघतच राहतील, दादा," टाचणी टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

"ट्रायलला मात्र मी येणार नाही हं. वेळ नाही. मापं आहेतच तुमच्याकडे."

"आहेत ना. पाठ आहेत."

तो गेल्यावर ती कितीतरी वेळ हसत बसली. बेत दोन मिनिटांत तयार झाला होता. कोट उत्तम शिवायचा, शहराने पाहिला नसेल असा. फक्त पाठीची मधली शिवण जुन्या, कुजक्या दोऱ्याने घालायची, लांब लांब धावदोरा, वरून इस्त्री अशी की देवालाही कळू नये. दादा मंचावर उभा राहणार, दोन्ही हात आभाळाकडे नेणार, "बंधूंनो" म्हणणार, आणि मानेपासून कंबरेपर्यंत फर्रर्र. चारशे माणसं हसतील. मग पुढच्या रांगेतून विचारता येईल, काय दादा, आहेस तरी काय तू?

ती कामाला लागली ती झपाटल्यासारखी. गडद निळं कापड निवडलं. वही उघडायची गरज वाटली नाही. भावाचं माप काय बघायचं, हाताला ठाऊक होतं. खडूच्या रेघा सरसर उमटल्या, कात्री कुठे अडखळली नाही. बाहीचा मुंढा असा बसला, कॉलर अशी वळली की तिचं तिलाच नवल वाटलं. सूड घेताना माणूस इतकं मन लावून काम करतं, हे ठाऊक असतं तर मास्तरांनी तिला आधीच कुणाशी तरी भांडायला लावलं असतं.

नवव्या दिवशी दुपारी कोट उभा राहिला. बाबा आत आडवे झाले होते, दार ओढलेलं होतं. दुकानातला लाकडी पुतळा जाड्या माणसांसाठी होता, त्याच्यावर हा कोट चढेना. गिऱ्हाईक ट्रायलला येत नसेल तर उंचीला जुळणाऱ्या माणसाने घालून बघायचा, ही दुकानाची जुनी रीत. तिने अंगात चढवला, बटण लावलं आणि पाठीकडची शिवण तपासायला तीन पाख्यांच्या आरशासमोर उभी राहिली.

शिवण बघायची राहून गेली.

खांदे बसले होते. नुसते बसले नव्हते, घरी आल्यासारखे टेकले होते. छातीवरून कापड सरळ खाली उतरलं होतं. बाही मनगटाशी जिथे संपायला हवी तिथेच संपली होती. तिने आजवर दुसऱ्यांचे शेकडो कोट असे घालून पाहिले होते, पण ते परक्यांचे असत, कुठे ना कुठे लोंबत असत. या कोटात जे कुणी उभं होतं ते एकतीस वर्षांचं होतं, जरा घाबरलेलं होतं, आणि देखणं होतं. तिने डावीकडच्या पाख्यात पाहिलं, मग उजवीकडच्या. आता स्पष्ट दिसतं? की आता?

"दिसतं," ती मोठ्याने म्हणाली. मग स्टुलावर बसली आणि कोटाला पाणी लागू नये म्हणून मान बाजूला करून रडली. बाईसारखं वाटत नव्हतं, त्याचं कारण इतकं साधं होतं. कोडं नव्हतंच काही. आपण या घरातला धाकटा मुलगा आहोत आणि आपल्याला ती चष्मेवाली आवडायची. बस. एवढ्यासाठी तीन वर्षं!

तर यापुढे ही गोष्ट सांगताना मी 'तो' म्हणणार आहे. ज्याला खटकेल त्याने खुशाल उठून जावं. नाव मात्र टाचणीच राहू दे. टाचणीला टोक असतं.

रडणं ओसरल्यावर त्याला जो राग आला तसा आयुष्यात आला नव्हता. हा कोट दादाला द्यायचा? चष्मेवाली गेली, पत्र गेलं, आता अंगाला लागलेलं हे पहिलं कापडही त्याच्याच घशात घालायचं? पण दिला नाही तर फर्रर्र कुठलं? सूड हवा तर कोट जाणार, कोट हवा तर सूड. तो दात-ओठ खात तसाच बसून होता, तेवढ्यात बाबा बाहेर आले.

मास्तर ते. माणसाआधी कोट बघणार. त्यांनी टाचणीला उठवलं, मागे उभे राहिले, आणि थरथरता हात खांद्यांवरून फिरवला.

"गादी कुठे आहे?"

"कसली गादी?"

"दादाचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. तो सहा महिन्यांचा होता तेव्हापासून. त्याच्या प्रत्येक सदऱ्यात, प्रत्येक कोटात आपण गादी घालतो. तू स्वतः वीस तरी घातल्या असशील." त्यांनी छातीवरचं कापड चिमटीत धरलं. "आणि त्याची छाती चाळीस आहे. ही अडतीस. वही उघडली नव्हतीस ना?"

"नाही."

"हा कोट त्याचा नाहीच. तुझे खांदे आहेत हे."

मग त्यांचा अंगठा पाठीवरून खाली उतरला आणि मध्येच थबकला. दोऱ्यातलं त्यांना काय कळायचं राहणार होतं?

"हा टाका कच्चा आहे. हात वर केला की उसवेल."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"शिवणीत माया, जास्तीचं कापड, सोडलेली आहे," बाबा म्हणाले. "दोन दिवसांत सोडवून त्याच्या मापाचा करता येईल. टाकाही राहू दे तसाच. मी काही बोलणार नाही."

"तुम्ही तेव्हाही काही बोलला नाहीत."

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. आरशात तीन बाजूंनी तीन म्हातारे मान खाली घालून उभे राहिले.

"मग आता बोलतो," म्हातारा म्हणाला. "ज्याच्या मापाचा कोट त्याला द्यायचा. तुझा आहे तो. काढ, शिवण पक्की करतो."

सुई त्यांना ओवता येईना. टाचणीने ओवून दिली. त्यांनी कुजका दोरा उसवला आणि पाठीची शिवण हाताने, दुहेरी, नव्या रेशमाने घातली. टाके वाकडे पडले. मास्तरांच्या हातचे वाकडे टाके दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाहीत. टाचणीने त्यांना माफ केलं का? नाही बुवा. पण चहा केला, दोन कप.

सत्काराच्या दिवशी सकाळी दादा कोट न्यायला आला.

"झाला नाही," टाचणी म्हणाला.

"झाला नाही? चारशे माणसं यायचीत आणि झाला नाही? अकरा दिवस काय माशा मारत होतीस?"

"कापड कमी पडलं."

दादाने आकाशपाताळ एक केलं, वडिलांकडे पाहिलं, वडील खोकले, आणि तो दाणदाण पाय आपटत बाजारातून तयार कोट आणायला गेला. आयुष्यातला पहिला तयार कोट. टाचणीला तेव्हाही पुढचं लक्षात आलं नव्हतं. आपण सूड सोडला, असंच तो समजत होता, आणि त्याबद्दल स्वतःवर थोडा चिडलाही होता.

संध्याकाळी तो निळा कोट घालून सभागृहाच्या दारात उभा राहिला. दारावरच्या स्वागताच्या माणसाने आपुलकीने विचारलं, "या साहेब. आपण?"

"अध्यक्षांचा धाकटा भाऊ."

"सांगायला हवं का! चेहराच सांगतोय. या, या, पुढे बसा."

किती सोपं होतं. तीन वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते एका अनोळखी माणसाला खरं वाटायला क्षणही लागला नाही. पहिल्या रांगेत आत्या होती. तिने वर पाहिलं, तोंड उघडलं आणि ते मिटायचं विसरून गेली. टाचणी तिच्या शेजारी बसला. "कशी आहेस, आत्या?" म्हणाला.

दादा भाषणाला उभा राहिला आणि सभागृहात चुळबूळ सुरू झाली. तयार कोटात गादी नव्हती. डावी बाजू लोंबत होती, कॉलर मानेपासून सुटली होती, एक खिसा दुसऱ्याच्या खाली गेला होता. न्यायाधीशांनी बँकेच्या साहेबांकडे पाहिलं. दोघांनी हळूच आपापले खांदे चाचपले. टाचणीला आता कुठे उमगलं, आणि त्याच्या मनात लाडू फुटायला लागले. कुजका दोरा न घालताच काम झालं होतं.

"बंधूंनो!" दादाने दोन्ही हात वर नेले. एक हात दुसऱ्यापेक्षा खाली राहिला. मग त्याची नजर पहिल्या रांगेत आली आणि हात तिथेच अडकले. पुढचं वाक्य येईना. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना.

फोटोच्या वेळी फोटोवाला तीनदा म्हणाला, "अध्यक्ष, डावा खांदा जरा वर."

"वरच आहे!" दादा तिन्ही वेळा म्हणाला.

"भाऊ, तुम्हीही या ना शेजारी," फोटोवाल्याने टाचणीला बोलावलं. तो गेला. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून दादा दातांतून पुटपुटला, "हे काय सोंग आहे? आहेस तरी काय तू?"

"तुझा धाकटा भाऊ," टाचणी म्हणाला. "सरळ उभा राहा, दादा. फोटो निघतोय."

तो फोटो संघाच्या कचेरीत लागला. एक ताठ, एक कलंडलेला. महिनाभरात शहरातल्या चहाच्या टपऱ्यांवर दादाचं नाव 'तिरके अध्यक्ष' पडलं. टाचणीला वाईट वाटलं का? वाटलं, चहा निवेपर्यंत.

महिन्याने दादा दुकानात आला. शनिवार, दुकान भरलेलं. न्यायाधीश ट्रायलला आले होते, आत्या पडद्यांचं कापड घेऊन बसली होती, दोन-तीन गिऱ्हाइकं बाकावर होती. दादा जरा वाकून, हळू आवाजात म्हणाला, "एक कोट हवाय. पूर्वीसारखा."

"मापं पुन्हा घ्यावी लागतील," टाचणी म्हणाला. "ये, आरशासमोर."

आता टेप टाचणीच्या हातात होती आणि वही बाबांपुढे. दादा तीन पाख्यांत उभा राहिला, आणि कुठल्याच पाख्यात बघेना.

"छाती चाळीस," टाचणी म्हणाला. बाबांनी लिहिलं. "कंबर सदतीस. बाही चोवीस. उजवा खांदा साडेसहा."

टेप डाव्या खांद्यावर गेली. बाबांचा हात वहीवर थांबला. ते खोकल्याची वाट बघत होते. चाळीस वर्षांची सवय. न्यायाधीशांनीही कान टवकारले; इतकी वर्षं त्या दुकानात येणाऱ्या हुशार माणसाला तो खोकला कळला नसेल असं थोडंच आहे! आरशात दादाचा चेहरा दिसत होता. तो पहिल्यांदाच लहान मुलासारखा दिसत होता, कुणीतरी झाकावं अशी वाट बघणारा.

टाचणीने ओठांतल्या चारही टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. त्याला रविवारचं ते पान आठवलं, खो खो हसू आठवलं, ओढलेल्या दारापलीकडे थांबून निघून गेलेली पावलं आठवली. आवाज काढला नाही. साध्याच, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा स्वरात त्याने वाचलं.

"डावा खांदा, अर्धा इंच खाली."

बाबांनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा टाचणीकडे. मग दौतीशेजारी ठेवलेला आपला चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि ठिपका न देता, अक्षरांत, जसं सांगितलं तसं लिहून घेतलं.